पाच वाजताची रेघ

खासबागेतल्या आमच्या घरी नवं स्मार्ट मीटर बसवलं, पण त्याचं रीडिंग वीज ऑफिसात पोचेना. म्हणून रेंज तपासायला एक मुलगा आला. दारावर टकटक करावी तशी त्यानं आधी मीटरवर बोटं वाजवली आणि मगच ते उघडलं. पण काम करता करता तो सारखा मोबाइल बघत होता. शेवटी मी चिडून विचारलंच.

"आईचं मीटर बघतोय, आक्का. खानापूरकडं गावात एकटीच असती. रोज पहाटे पाचला पाणी तापवायला कॉइल लावती, की हितं रेघ वर चढती. आज दहा वाजले तरी चढली न्हाय."

"म्हणजे आमच्या घरातलंही तुला दिसतं?"

"रेंज आली की तेबी दिसंल. बघायचं न्हाय, असा नियम हाय." त्यानं मान खाली घातली. "मी एकच घर बघतोय."

"अरे, मग सरळ फोन करावा."

"केलता की. बरी हाय म्हणाली. फोनवर ती कायमच बरी असती. मीटरला खोटं बोलाय येत न्हाय."

तेवढ्यात रेघ चढली. मोबाइल माझ्यापुढं धरून तो तोंडभर हसला आणि मी मघाशी दिलेला, आता निवलेला चहा एका घोटात प्याला.

तो परत कधी दिसला नाही. पुण्याहून माझ्या मुलाचा फोन येतो तेव्हा मात्र आठवतो. गुडघ्यानं रात्रभर रडवलेलं असतं. मी मीटरकडे पाठ करते आणि म्हणते, "बरी आहे रे."