सरांच्या बैठकीतली उड्डाणं

आमच्या ओळखीत विमानात बसलेली माणसं चार-दोनच. तरी विमानाचे किस्से आमच्याकडं इतके साठलेत, की चहाला बसलं की एक निघतो आणि त्याचं शेपूट धरून दुसरा येतो.

याला कारण कुलकर्णी सर. भूगोलाचे मास्तर, धाराशिवातच रिटायर झाले. बैठकीच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटर, विमानाचा दांडा आणि पायाखालची पेडलं बसवलीत. जुन्या काळची गाजलेली उड्डाणं पडद्यावर तशीच परत करायची, हा त्यांचा छंद. विमान जुनं, मार्ग जुना आणि तास तेवढेच. सोबतीला मी, कोर्टातला क्लार्क, आणि एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर शिंदेमामा.

*

पहिलं उड्डाण कराची ते मुंबई, टपालाचं. टपाल पाहिजे म्हणून सरांनी खरंच एक कार्ड लिहून टेबलावर ठेवलं. सकाळी निघालो, अहमदाबादला उतरलो, दुपार कलल्यावर मुंबई गाठली. मामांनी कार्ड उचलून आत सरांच्या मिसेसना, म्हणजे आमच्या काकूंना, नेऊन दिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘तीन कप चहा पाठव.’

काकू म्हणाल्या, "बैठकीतनं स्वयंपाकघरात यायला सात तास? हाक मारली असती तर सकाळीच दिला असता."

*

मामांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत एसटीला एक ओरखडा नाही. एकदा आल्प्सवरनं जाताना ढगातनं एकदम डोंगर समोर आला. मामांनी दोन्ही पेडलं करकचून दाबली.

"सर, ब्रेक लागंना."

"मामा, हवेत ब्रेक नसतो."

डोंगराला धडकल्यावर मामा शांतपणे उठले आणि चपला घालता घालता म्हणाले, "ब्रेक नसलेली गाडी आमी डेपोतनंच भायेर काढत नव्हतो."

*

न्यूयॉर्क ते पॅरिस म्हणजे तेहतीस तास. आम्ही पाळ्या लावल्या. विसाव्या तासाला, अटलांटिकच्या मधोमध, माझ्या पाळीत लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त पंखा होता, तो तेवढा फिरत राहिला. सर काळ्या पडद्याकडं बघत बसले. त्यांचा चेहरा बघून दारात डोकावलेले शेजारी हळूच मला विचारू लागले, "कोण गेलं?"

काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. "बुडालातच आहात, तर येताना मेथी आणा."

*

मग मामांनी हट्ट धरला, एकदा माझ्या गावावरनं न्या. गाव आमच्याच जिल्ह्यात, मुरूमच्या पलीकडं. सरांनी नकाशा लावून बरोबर नेलं. खाली नुसतं हिरवं. घर नाही, देऊळ नाही, रस्ता नाही.

"गाव कुठं गेलं?"

"कॉम्प्युटरला माहीत नाही हो मामा."

"त्येला तरी कसं म्हाईत असणार? एसटीच जात न्हाय तिथं. चला फुडं."

*

सरांचा मुलगा मेलबर्नला असतो. चार वर्षं तो तिकिटं काढतो म्हणायचा आणि सर टाळायचे. कधी कान दुखतो, कधी गुडघा. यंदा नातीचा वाढदिवस होता. काकूंनी आमच्या देखत पासपोर्ट त्यांच्या पुढ्यात ठेवला. "आता काय दुखतंय ते सांगा."

सरांनी पासपोर्ट परत काकूंकडं सरकवला. मग म्हणाले, "तू जाऊन ये. मला विमानाची भीती वाटते."

मी आणि मामा खाली पेडलांकडं बघत बसलो.

काकू एकट्या गेल्या. आम्ही दोघं त्यांना हैदराबादच्या विमानतळावर सोडून आलो. येऊन बघतो तर सरही निघालेले. जुन्या काळी ऑस्ट्रेलियाला जायचे तेच टप्पे, तेच छोटं विमान.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. सरांचे दोन्ही हात दांड्यावर, म्हणून मामांनी स्पीकर लावला.

"पोचले बघा सुखरूप," काकू म्हणाल्या. "तुम्ही कुठवर आलात?"

"रंगूनला. पुढं ढग फार आहेत."

पलीकडनं काकूंचा आवाज आला, "मग घाई करू नका. जेवून निघा."