दुपारी तीनचे थेंब

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. मुलाला सांगितलं नाही, बेळगावला बहिणीकडे चार दिवस राहून आलो तेव्हा तिलाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, ती तर रोज सकाळी माझ्यापुढे चहाचा कप ठेवते. वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही. धीर झाला नाही.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका लहान गावी डॉक्टरांच्या हाताखाली अडतीस वर्षं कंपाउंडर होतो. डॉक्टर तपासायचे आणि चिठ्ठीवर औषधाचं नुसतं नाव खरडायचे. मूल किती वजनाचं, त्याला किती थेंब, हे माझ्यावर सोडलेलं असायचं. आई मूल घेऊन खिडकीशी आली की मी ते क्षणभर हातात घ्यायचो, वजनाचा अंदाज करायचो आणि बाटलीला मापाची कागदी पट्टी कापून चिकटवायचो. डॉक्टर परगावी गेले की लोक माझ्याकडूनच औषध नेत. माझा अंदाज चुकला, असं कुणी कधी म्हटलं नाही. त्यामुळे पुढे पुढे कुणाला विचारायची सवयच मोडली.

बायको गेल्यावर मुलाने मला बंगळूरला आणलं. जे. पी. नगरमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात मुलगा, सून, आठ महिन्यांचा नातू आणि सुनेची मांजरी. सून पुण्याची, आयटीतली, बहुतेक काम घरून करायची. मांजरी तिने लग्नाआधीपासून वाढवलेली. पुण्याहून येताना ती पिंजरा मांडीवर घेऊन आली होती, असं मुलगा सांगायचा.

त्या वर्षी ती मांजरी बाल्कनीतून खाली पडली आणि तिचा मागचा पाय मोडला. इंदिरानगरच्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई घातली. घरी आली तेव्हा अर्ध्या अंगावरचे केस काढलेले आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती प्लास्टिकचं नरसाळं. महिनाभर तिला पिंजऱ्यात ठेवायचं होतं. सुनेने फ्रिजच्या दारावर कागद लावला. कुठलं औषध किती वाजता, आणि दिलं की पुढे खूण. दुखण्याचं औषध सकाळी आठला, दिवसातून एकदाच.

पहिल्याच संध्याकाळी ती मला म्हणाली, "अप्पा, एक सांगू? तिला आपल्या मनाने काही देऊ नका हं. डॉक्टरांनी बजावलंय."

मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "थेंबांची बाटली दिसली की अप्पांचे हात शिवशिवतात."

"शिवशिवू देत की. खिशात ठेवा म्हणजे झालं," सून हसून म्हणाली.

मीही हसलो. पण ते मला लागलं. अडतीस वर्षं लोकांनी आपली पोरं माझ्या हातात दिली होती, आणि इथे मला एका मांजरीपासून लांब राहायला सांगितलं जात होतं. इतक्या क्षुल्लक गोष्टीचा राग मी दोन दिवस मनात धरून बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा ऑफिसात होता. नातू झोपला होता. सून आतल्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये होती. मांजरी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एका कुशीवर पडून मधूनच बारीक आवाजात कण्हत होती. मी तिच्या कानाला हात लावला. कान तापलेला होता. तेवढ्यात दार उघडलं, सून बाहेर आली. मी स्वयंपाकघराच्या दारात सरकलो. ती पाणी प्यायली, पिंजऱ्याशी वाकून तिने मांजरीचं कपाळ खाजवलं, घड्याळाकडे पाहिलं आणि "तीन वाजले, अजून दोन कॉल आहेत" असं पुटपुटत आत गेली. मी तिला तापाचं सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.

दार लागल्यावर मी नातवाच्या तापाच्या थेंबांची बाटली घेतली. साधं पॅरासिटामॉल. मांजरी चार किलोची होती. चार किलोचं मूल मी किती वेळा हातात घेतलं असेल, त्याला गणती नाही. त्या हिशेबाने थेंब काढले, तिचा जबडा अंगठ्याने उघडला आणि जिभेमागे सोडले. तिने मुकाट्याने गिळले. फ्रिजवरच्या कागदावर मी खूण केली नाही.

माणसाच्या पोटात जे औषध निमूट काम करतं, त्याचं मांजराच्या अंगात विष होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं, हे मात्र ठाऊक होतं.

तासाभराने कान गार लागला. मला बरं वाटलं. आता सुनेला सांगावं की बघ, असा विचारही मनात येऊन गेला. मग मांजरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. पाचच्या सुमारास ती तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. नरसाळ्याच्या आत तिचा चेहरा सुजून गोल झाला होता आणि डोळे बारीक झाले होते. मी पिंजऱ्यासमोर खुर्ची घेऊन बसलो आणि उगाचच तिच्या छातीचे ठोके मोजत राहिलो. सहाला सून बाहेर आली, मुलगाही नुकताच आला होता. तिने मांजरीचा ओठ वर केला. हिरड्या चिंचेच्या कोळासारख्या तपकिरी झाल्या होत्या.

मुलाने नातवापाशी थांबायचं ठरलं. सुनेला कानडी येत नव्हती म्हणून मी तिच्याबरोबर निघालो. ती गाडी बोलवत होती तेव्हा मांजरीच्या औषधांचा ट्रे तिने पिशवीत ओतला आणि पिशवी माझ्या हातात दिली. नातवाच्या थेंबांची बाटली ओट्यावर होती. मी ती उचलून पिशवीत टाकली. मी तोंडाने काही बोललो नाही तरी बाटली डॉक्टरांना सगळं सांगेल, असं मला वाटलं. आपण मोठी युक्ती केली, असंही वाटलं.

रस्ता तुंबलेला होता. पिंजरा सुनेच्या मांडीवर. ती दर थोड्या वेळाने म्हणायची, "अप्पा, श्वास चालू आहे ना? मला दिसत नाहीये, तुम्ही बघा." मी वाकून बघायचो आणि "चालू आहे" म्हणायचो. ड्रायव्हरला मी कानडीत सांगितलं, स्वल्प लवकर घे. तो म्हणाला, "अज्जा, उडून नेऊ का?" एरवी मी हसलो असतो.

डॉक्टर तरुण बाई होती. हिरड्या बघताच तिने सुनेला इंग्रजीत विचारलं, माणसांचं काही औषध दिलंत का? सून म्हणाली, छे, कधीच नाही. तिने पिशवी टेबलावर रिकामी केली. दोन बाटल्या मांजरीच्या आणि तिसरी नातवाची.

सून त्या बाटलीकडे बघत राहिली. मग मला मराठीत म्हणाली, "ही यात कशी आली?"

"घाईत आली असेल," मी म्हणालो.

डॉक्टरने बाटली उचलून वाचली. कधी दिलं, किती दिलं, असं तिने विचारलं. सून म्हणाली, मी फक्त सकाळी आठला दुखण्याचं औषध दिलं. मग तिने ती दुखण्याच्या औषधाची बाटली आणि नातवाची बाटली शेजारी शेजारी धरल्या. दोन्हीचा ड्रॉपर सारखाच होता. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला. डॉक्टर म्हणाली, सकाळी आठला गेलं असेल तर फार उशीर झाला आहे. आणि मांजरीला घेऊन ती आत गेली.

काही मिनिटांनी ती बाहेर आली. सून दाराच्या काचेला कपाळ टेकून उभी होती. डॉक्टर माझ्याशेजारी बाकावर बसली आणि हळू आवाजात कानडीत म्हणाली, "अज्जा, तुम्ही दिवसभर घरी होता. कुणी काय दिलं, कधी दिलं, मला खरं सांगा. मी कुणावर रागावणार नाही. वेळ कळली तर मला पुढचं ठरवता येईल."

ती कानडीत बोलली ती माझ्यासाठीच, हे मला कळत होतं. सुनेला यातलं अक्षर समजणार नव्हतं. मला फक्त "मी" म्हणायचं होतं.

मी कानडीत म्हणालो, "दुपारी तीन वाजता. सून बाहेर आली होती. पिंजऱ्याशी वाकली होती. मी स्वयंपाकघरातून पाहिलं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"किती थेंब असतील?"

"चार किलोच्या मुलाला देतात तेवढे."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "सरी, अज्जा", ठीक आहे, म्हणून उठली. जाताना तिने सुनेच्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत सांगितलं की तुमच्या सासऱ्यांनी पाहिलं, दुपारी तीनला दिलंत तुम्ही. चार-साडेचार तास म्हणजे अजून आशा आहे.

सून माझ्याकडे वळली. "तीनला? मी पाणी प्यायला आले होते ना?" ती थांबली. "अप्पा, मी दिलं का तिला काही?"

मी म्हणालो, "तू वाकली होतीस खरी."

ती बाकावर बसली आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघायला लागली.

मांजरी वाचली. चार दिवस ऑक्सिजनच्या पेटीत होती, नळीने उतारा देत होते, पुढच्या पायात सुई होती. पहिल्या दिवशी काढलेलं रक्त तपकिरी होतं म्हणे. चौथ्या दिवशी हिरड्या गुलाबी झाल्या. वेळ नेमकी कळली म्हणून वाचवता आली, असं डॉक्टर मुलाला म्हणाली. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "अप्पा, तुमचं लक्ष होतं म्हणून बरं." सून म्हणाली, "खरंच अप्पा." आणि ती माझ्या पाया पडली.

मांजरीचा पाय दोन महिन्यांत भरून आला. जरा लंगडायची, पण पलंगावर उडी मारू लागली. घरात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. सुनेने सगळ्या बाटल्यांवर लाल पेनने मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. औषध देण्याआधी बाटलीचा फोटो काढायची आणि नवऱ्याला पाठवायची. त्याचं उत्तर येईपर्यंत ड्रॉपर हातात धरून उभी राहायची. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून परत यायची. एकदा भाजीत मीठ घातलं की नाही हे तिने मला तीनदा विचारलं.

पावसाळ्यात नातवाला ताप आला. मुलगा प्रवासात होता, फोन लागत नव्हता. तिने थेंब काढले आणि त्याच्या तोंडाशी नेताना अर्धे दुपट्यावर सांडले. ड्रॉपर माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही द्या. माझ्या हाताचा मला भरवसा नाही. तुमच्या हाताला सवय आहे."

मी दिले. त्याच बाटलीतून, त्याच हाताने. तेव्हापासून घरात औषध द्यायचं काम माझ्याकडे आलं.

एकदा नवरा-बायकोचं वाजलं. भिंतीपलीकडून मला मुलाचा आवाज आला, "मांजरीवर निभावलं. उद्या पोराला काहीतरी देशील त्या कॉलच्या नादात." तीन महिन्यांनी तिने नोकरी सोडली. विचारणाऱ्यांना ती सांगायची, मूल लहान आहे ना. तिच्या भीतीमागचं खरं त्या घरात फक्त मला माहीत होतं.

सांगायचं मी किती वेळा ठरवलं. आज नातवाचा वाढदिवस आहे, नको. आज तिची आई पुण्याहून आली आहे, तिच्यासमोर नको. आता मांजरी बरी आहे, कशाला उकरायचं. नंतर नंतर मला वाटायला लागलं की सांगितलं तर ती चूक माफ करेल, पण इतके महिने, इतकी वर्षं गप्प बसलो हे करणार नाही. जितका उशीर केला तितकं ते अवघड होत गेलं.

गेल्या महिन्यात मांजरीने खाणं सोडलं. ती आता म्हातारी झाली आहे. इंदिरानगरची डॉक्टर परदेशी गेली, म्हणून आम्ही तिला मल्लेश्वरमला नेलं. नातू शाळेत होता, मुलगा कामावर. पिंजरा माझ्या मांडीवर होता. तिथली बाई कागद भरत होती. वय, वजन, जुनी शस्त्रक्रिया. मग तिने विचारलं, पूर्वी कधी विषबाधा वगैरे?

सून कानडीत बोलली. सहा वर्षांत ती कामापुरती कानडी शिकली आहे. "एकदा झाली होती," ती म्हणाली. "मीच दिलं होतं, चुकून. मला आठवतसुद्धा नाही."

शेवटचं वाक्य तिने जरा हसून म्हटलं. कागदावर तेवढं लिहिलं गेलं. पेन थांबलं तेव्हा मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आतून आमचा नंबर पुकारला.

मूत्रपिंडं थकली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. त्या जुन्या विषाने का, असं सुनेने विचारलं. नाही, वयाने, असं ते म्हणाले, पण तिने ते मनावर घेतल्यासारखं दिसलं नाही. परतताना रिक्षाची वाट बघत आम्ही फुटपाथवर उभे होतो.

"अप्पा, मघाशी काही म्हणत होतात?"

"नाही. औषध किती वेळा द्यायचं ते विचारणार होतो."

"तुम्हालाच द्यायचंय. लिहून घेतलंय मी सगळं, तुम्ही बघा एकदा," ती म्हणाली आणि कागद माझ्या हातात दिला.

मी तो घेतला, घडी करून खिशात ठेवला. जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं: बाळ, त्या दुपारी तू फक्त पाणी प्यायला आली होतीस. थेंब मी दिले, बाटली पिशवीत मी टाकली, आणि डॉक्टरला तुझं नाव मी सांगितलं. तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं. मला माफ कर.