शुभदाताईंच्या बाथरूममधले बूट

शुभदाताईंवर मी लिहिणं हा थोडा आगाऊपणाच आहे, हे मला ठाऊक आहे. जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात त्यांच्याबरोबर धातूंवर संशोधन केलेली मोठी माणसं आहेत, नाशिकला त्यांच्या कॉलेजच्या मैत्रिणी आहेत, सह्याद्रीत त्यांच्याबरोबर दोर बांधून चढलेले लोक आहेत. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, नात्याचाही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर मराठीत एवढं सलग कधी लिहिलेलं नाही. पण त्या गेल्यानंतरच्या या आठवड्यांत एक गोष्ट माझ्यापाशी येऊन थांबली आहे. त्यांना ओळखणाऱ्यांना ती कळायला हवी असं वाटतं... म्हणून लिहितो. कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

मी इथे, सेंदाईतच, मृदाशास्त्र शिकतो. म्हणजे डोंगरउतारावर जाऊन मातीचे नमुने आणायचे आणि मग महिनाभर ते तपासत बसायचं. आल्यानंतरच्या पहिल्याच शरदात माझं रेनकोटचं जॅकेट एका फांदीला अडकून खांद्याजवळ फाटलं. नवीन घ्यायचं मनात येत नव्हतं आणि तसंच घालून पावसात जाणं शक्य नव्हतं. आमच्या लॅबमधली मृण्मयी, पुण्याची, माझ्याहून चार वर्षं पुढे, म्हणाली, "रविवारी शुभदाताईंकडे चल. आधी जेवायला घालतील, मग बोलणी ऐकवतील, मग चिकटवून देतील." तसंच झालं. आमटीभात झाल्यावर ताईंनी स्वयंपाकघराच्या फरशीवर जुनी जपानी वर्तमानपत्रं पसरली, माझं जॅकेट उलटं केलं आणि फाटलेली जागा उजेडाकडे धरून म्हणाल्या, "धुतलंयस कधी हे?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मळावर काहीही चिकटत नाही. हे माणसांनाही लागू आहे, पण आज जॅकेटपुरतं बोलू." मग त्यांनी ती जागा स्पिरिटनं पुसली, बाहेरच्या अंगाने टेप लावून फाटलेल्या कडा एकमेकींना भिडवल्या, आणि आतून त्या पारदर्शक, मधासारख्या घट्ट चिकटद्रव्याचा थर टूथपिकने पसरवला, भेगेच्या चांगला पलीकडेपर्यंत. आमच्याकडे पंक्चरवाला वापरतो त्याला सलोशन म्हणतात, म्हणून मी यालाही सलोशनच म्हणालो. ताईंना तो शब्द आवडला. तेव्हापासून त्याही सलोशनच म्हणायच्या.

हे सलोशन वाळलं तरी कडक होत नाही, रबरासारखं वाकतं, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी वाकवून दाखवलं होतं. "कडक गोंद बुटाला लावलास तर पहिल्या पावलाला तडकेल. पाय वाकतो ना रे? मग जोडलेल्या जागेलाही वाकता आलं पाहिजे." उघडलेली ट्यूब त्या फ्रिजमध्ये ठेवत. शेजारी वसाबीची, म्हणजे जपानी हिरव्या तिखट चटणीची, ट्यूब, तेवढीच, तशीच. म्हणून सलोशनच्या ट्यूबवर मार्करनं देवनागरीत लिहिलं होतं, 'खायचं नाही'. आणि दुरुस्त केलेले बूट, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट आवळलेले, बाथरूममध्ये ओळीने मांडलेले असत. हे सलोशन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, आणि सेंदाईच्या थंडीत हीटर लावला की घरातली हवा पापडासारखी कोरडी. मृण्मयीने एकदा विचारलं, "ताई, मग तुम्ही आंघोळ कुठे करता?" ताई म्हणाल्या, "बूट आधी, मी मग. त्यांना डोंगरावर जायचंय, मला नुसतं ऑफिसात."

ज्या दिवसामुळे मला ताई खऱ्या कळल्या, तो माझ्या बुटांचा दिवस. मी जपानला निघालो तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला डोंगरात चालायचे चांगले बूट घेऊन दिले होते. दादा टेम्पो चालवतात. बाजारातल्या एका ओळखीच्याकडे चौकशी करून, संभाजीनगरला जाऊन त्यांनी ते आणले. एवढे भारी बूट आमच्या घरात कुणी घातले नव्हते. मी ते जपून ठेवले. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, खोक्यात, कपाटात. रोजच्या चिखलाला जुने कॅनव्हासचे, आणि हे एखाद्या चांगल्या कामाला. ते चांगलं काम आलं तेव्हा, प्राध्यापकांबरोबरच्या पहिल्या मोठ्या फेरीच्या आधी, मी खोकं उघडलं तर सोल आणि चामड्याच्या मधला फेसाचा, म्हणजे फोमचा, थर शिळ्या नानकटाईसारखा बोटाखाली भुगा होत होता. मी ते तसेच ताईंकडे नेले. मला वाटलं, चिकटवून देतील. ताईंनी अंगठ्याने थोडा भुगा काढून पाहिला आणि बूट खाली ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"ताई, थोडं जास्त सलोशन लावून..."

"वरून चिकटवून देणं पाच मिनिटांचं काम आहे रे. तुला वाटेल, जुळलं. मग तू उतारावर असशील आणि हा भुगा सोडून देईल. चिकटलेलं असतं ते फक्त वरच्या कणांना. आत काही उरलंच नाहीये." मग माझ्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाल्या, "वापरले असतेस तर टिकले असते. हा फेस पडून राहिला की ओलावा पिऊन कुजतो. चालणाऱ्याच्या पायात तो जास्त जगतो."

माझा चेहरा बहुधा फारच पडला असावा. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, दादांना काय सांगू, ते दर फोनला विचारतात, बूट कसे आहेत. तर म्हणाल्या, "लाव फोन." आणि त्या स्वतः बोलल्या. दादा आधी घाबरले, मॅडम मॅडम करू लागले. "मॅडम नका म्हणू हो, मी नाशिकची," असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. दादांनी विचारलं, "म्हणजे दुकानदारानं फसवलं का?" ताई म्हणाल्या, "नाही. पोराने जपून ठेवले." आणि दादा जे हसायला लागले, ते थांबेनात. म्हणाले, "ताई, आमच्या घरात तीच खोड आहे. लग्नातली चादर अजून घडीची आहे." ताई म्हणाल्या, "काढा ती आजच." दादांनी खरंच काढली. आई अजून त्याबद्दल ताईंना नावं ठेवते, पण हसत.

ताई कुणाला नाही म्हणतात आणि का, हे मी असं शिकलो. प्रत्येक रविवारी कुणी ना कुणी येई. तंबूची शिवण, गमबुटाची टाचेजवळची चीर, बॅगेचा पट्टा. त्या आधी वाकवून, ओढून, वास घेऊनसुद्धा बघत. होण्यासारखं असेल तर वर्षानुवर्षं टिकेल असं करत. नसेल तर स्पष्ट सांगत, आणि सांगताना समोरच्याला लाज वाटणार नाही याची काळजी घेत. म्हणूनच गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी त्यांनी मोरी-सानचे बूट घेतले याचं आम्हाला नवल वाटलं.

मोरी-सान (सान म्हणजे आपलं 'जी') ताईंच्या खालच्या मजल्यावर राहतात. सत्तरी कधीच ओलांडलेले, रेल्वेतून निवृत्त, एक मुलगी, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी. ताई त्या इमारतीत नवीन होत्या तेव्हा त्यांनी चुकीच्या दिवशी ठेवलेली कचऱ्याची पिशवी उचलून मोरी-सान वर आले होते आणि दारातच त्यांना प्लास्टिक कुठलं, जळणारा कचरा कुठला, हे अर्धा तास शिकवून गेले होते. त्यावरून त्यांची मैत्री. बायको गेल्यापासून ते डोंगरावर गेले नव्हते. या शरदात झाओच्या डोंगरावर पानं लाल होतात ती पाहायला एकदा जावं असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी जुने बूट बाहेर काढले. तेही माझ्यासारखेच, खोक्यात जपलेले. तोच भुगा.

मी म्हणालो, "ताई, हे तर माझ्यासारखंच आहे. तुम्ही नाही म्हणायला हवं होतं."

"तुला नाही म्हटलं, तू दुसरे बूट घेतलेस आणि गेलास," त्या म्हणाल्या. "त्यांना नाही म्हटलं तर ते बूट टाकतील आणि घरात बसतील. पुन्हा कुणाला विचारणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

मग त्यांनी जुना सोल आणि सगळा फेस मुळापासून खरवडून काढला, चामड्याचा तळ सँडपेपरने घासून खडबडीत केला, नवे रबरी सोल मागवून कापले आणि बसवले. चार रविवार ते काम चाललं. एरवी एका बैठकीत होणारं काम त्या मध्येच थांबवत, भिंतीला टेकून बसत. मी घासून देऊ का विचारलं तर म्हणाल्या, "याची जबाबदारी माझी आहे, हात माझाच हवा." त्यांना पोटाचा आजार झाला आहे हे त्यांना तेव्हा कळलेलं होतं. आम्हाला नाही.

बूट नेऊन दिल्यावर आठवडाभरातच त्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या आणि मग आम्हाला सगळं कळलं. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझी, लॅबची चौकशी केली आणि मग विचारलं, "मोरी-सान आले का रे परत? आज जाणार होते." मी इमारतीत जाऊन बेल वाजवली. दार बंद. व्यवस्थापक म्हणाला, पाठीला बॅग लावून सकाळी गेले. पुढच्या खेपेला ताईंनी पुन्हा तेच विचारलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मोरी-सान आलेले नव्हते. मोबाइल ते वापरत नाहीत. व्यवस्थापकाकडे त्यांच्या नातेवाइकांचा नंबर होता, पण तो देता येत नाही म्हणून त्याने फार नम्रपणे, कमरेत वाकून नाही सांगितलं. मी बातम्यांमध्ये झाओवर कुणी हरवल्याचं पाहत राहिलो. तसं काही नव्हतं. पण बातमी नसणं म्हणजे काय समजायचं, हेही मला कळत नव्हतं.

मृण्मयी म्हणाली, "आले म्हणून सांगून टाक. बाईंच्या जिवाला तेवढा विसावा." मलाही वाटलं तसं. पण मी त्यांच्यासमोर बसलो की जमायचं नाही. आले म्हटलं असतं तर ताईंनी पुढचा प्रश्न विचारला असता, टोकाजवळ कसं राहिलं, कड उचलली का, आणि मला काही सुचलं नसतं. त्यांच्याशी खोटं बोलायलासुद्धा बुटांची माहिती लागत होती.

शेवटच्या भेटीत त्या फार थोडं बोलल्या. खिडकीतून रस्त्यावरची गिन्कोची झाडं दिसत होती, पिवळी व्हायला लागलेली. मी म्हणालो, अजून आले नाहीत ताई, मुलीकडे गेले असतील. त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "डाव्या बुटाचं टोक मी कमी घासलं. त्या दिवशी हातात जोरच नव्हता... तुला द्यायला हवं होतं." मी त्यांना म्हणालो की तुमचं काम कधी सुटलेलं मी पाहिलेलं नाही. ते खरं होतं. पण त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मला दिसलं की त्यांना ते पुरत नव्हतं. दोन दिवसांनी पहाटे मृण्मयीचा फोन आला.

त्यांच्या भावाला नाशिकहून यायला व्हिसाचे दिवस लागले, तोवर घर रिकामं करायचं काम आम्हा दोघांकडे होतं. मागच्या शनिवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कोणती वस्तू कोणत्या दिवसाच्या कचऱ्यात जाते ते वेगळं करत होतो, तेव्हा बेल वाजली. दारात मोरी-सान उभे होते. हातात कापडात बांधलेलं गाठोडं. त्यांनी वाकून विचारलं, "शुभदा-सान घरी आहेत का?"

मला जपानी बरं येतं, पण त्या वेळी वाक्य जुळेना. मी कसंबसं सांगितलं. ते तसेच उभे राहिले, गाठोडं छातीशी धरून. मग आत आले, पायातले जोडे काढून ठेवले, आणि वस्तू वेगळ्या करायला मी पसरलेल्या वर्तमानपत्रांवर माझ्यासमोर गुडघे मोडून बसले. त्यांनी गाठ सोडली. डाव्या बुटाचं टोक बोटभर उघडलं होतं.

"हे त्यांना दाखवायला मला तोंड नव्हतं," ते म्हणाले. "इतके दिवस खपून केलं होतं त्यांनी. मी डोंगरापलीकडे यामागाताला गेलो आणि मुलीकडेच राहिलो. विचार केला, थोडे दिवस जाऊ देत, मग काहीतरी बरं सुचेल त्यांना सांगायला. त्या आजारी आहेत हे मला कुणी..."

मी विचारलं, "तुम्ही किती वर गेला होतात?"

"पहिल्या चढापर्यंत. टोकाकडून आवाज आला. बूट देताना शुभदा-सान म्हणाल्या होत्या, आवाज आला की तिथूनच माघारी फिरायचं, शिखर हाताशी असलं तरी. मी त्यांना विचारलंही, पानं समोर दिसत असली तर? त्या म्हणाल्या, तरी. पानं पुढच्या वर्षीही येतील, तेव्हा मी टोक नीट करून देईन."

"मग?"

"मग फिरलो. दुपारच्या आधी खाली बसस्टॉपवर होतो."

कोणत्या दिवशी, ते मी त्यांना दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी तोच दिवस सांगितला. ताईंनी हॉस्पिटलमध्ये मला पहिल्यांदा विचारलं, मोरी-सान आले का, त्या संध्याकाळी मोरी-सान यामागातामध्ये, मुलीच्या घरी, पायात सपाता घालून सोबाच्या शेवया खात बसले होते.