दोन ओगराळी

जानेवारीत टॅमरॅक कॉलेजच्या संघाची कपाटं भराभर रिकामी होत होती, तेव्हा एमेट लाहती आपल्या कपाटासमोर बसून सँडविच खात होता. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना कॉलेजं उघड पैसे द्यायला लागल्यापासून दर हिवाळ्यात हेच चाले. मोसम संपला की फोन वाजायचे, बॅगा भरल्या जायच्या. उन्हाळ्यात नवी पोरं यायची ती हेल्मेटवर कपाळाशी नावाची पट्टी चिकटवून, कारण कुणी कुणाला ओळखत नसे. त्या वर्षी पुढच्या फळीतल्या पाचांपैकी चार गेले. उरलेला एमेट.

एक फोन त्यालाही आला होता, दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजचा. पैसे चांगले होते, पण राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसायचं होतं. "बसायला आमच्या घरी बाक आहे," एमेट म्हणाला आणि त्यानं विषय मिटवला.

टोबिन हेस मात्र गेला. टोबिन बचावाच्या फळीत खेळायचा. तीन वर्षं दोघं एका खोलीत राहिले होते.

"ग्रँटलीला? अरे, जगात दुसरं कॉलेज उरलं नाही?"

"त्यांनी जास्त दिले, एम्. तू काय केलं असतंस?"

"मी टीव्ही तरी सोडून गेलो असतो."

"टीव्ही माझाच आहे."

"मग जा घेऊन. रिमोट माझा आहे."

ग्रँटलीचं नाव झोंबायला कारण होतं. मोसमाची शेवटची मॅच टॅमरॅक त्यांच्याशीच खेळे, आणि जिंकणाऱ्याला लाकूडतोड्यांच्या छावणीतली एक जुनी लोखंडी हंडी मिळे. ती कुणी हातात आणून देत नसे. शिट्टी वाजली की पळत जाऊन मैदानाच्या हरलेल्यांकडच्या बाजूवरून उचलून आणायची. एमेटनं चार वर्षं ती लांबूनच पाहिली होती. त्याचे वडील सरकारी गाडीनं रस्त्यांवरचं बर्फ बाजूला करत आणि तो स्वतः शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याची जमीनमोजणीची नोकरी ठरलेली होती. एवढं एक वर्ष उरलं होतं, आणि त्याला हंडी हवी होती.

एमेट सेंटर होता. फळीच्या मधोमध वाकून तो दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे द्यायचा, आणि त्याच क्षणी सगळ्यांनी उसळायचं. परक्या मैदानावर गोंगाटात क्वार्टरबॅकचा आवाज पोचत नाही. मग शेजारचा गडी मागची खूण बघून सेंटरच्या पोटरीला हात लावतो. सेंटर मान वर करतो. टॅमरॅकमध्ये मान वर केल्यावर एक ठोका थांबून चेंडू निघायचा.

शेजारचा नवा गडी होता केंड्रिक्स बोल्डन, अलाबामाचा, दारात उभा राहिला की उजेड अडवणारा. त्याच्या आधीच्या कॉलेजात मान वर झाली की चेंडू निघायचाच. त्याला टॅमरॅकची पद्धत पाठ होती, पण अंगाला जुनीच सवय होती. ऑक्टोबरात एका परक्या मैदानावर तो पुन्हा पुन्हा आधी उसळला. दर वेळी शिट्टी, दर वेळी पाच यार्ड मागे. मॅच गेली.

"पुढच्या आठवड्यात तो बाहेर," कोच रॅडकी म्हणाले.

"कोच, एक गुरुवार द्या मला त्याच्याबरोबर."

"गुरुवारी काय करणार?"

"जेवायला नेतो."

गुरुवारी फळीतल्या पाचांनी एकत्र जेवायचं ही टॅमरॅकची जुनी रीत. नव्या पोरांना तिचा पत्ताही नव्हता. एमेटच्या आईनं, आयलीननं, मांस-बटाट्याच्या पास्टी भाजल्या होत्या. पण जेवणाआधी परसातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीत बसायचं, हा घरचा नियम. तापलेल्या दगडांपुढच्या बाकावर पाच धिप्पाड पोरं दाटीवाटीनं बसली. एमेटच्या वडिलांनी, वेननी, मान हलवून ओगराळंभर पाणी दगडांवर ओतलं.

"वाफ मानेपर्यंत येईतो कुणी हलायचं नाही," एमेट म्हणाला. "जो हलेल त्यानं लाकडं आणायची."

पाणी चरचरलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग वाफ आली, आणि ती मानेपर्यंत यायच्या आधीच बोल्डन दाराबाहेर होता.

"अरे देवा, माणसं उकडता की काय इथे!"

"लाकडं डाव्या हाताला आहेत," वेन आतून म्हणाले.

त्या गुरुवारी त्यानंच लाकडं आणली. कोचनी आणखी मुदत दिली, पुढच्या गुरुवारीही त्यानंच आणली. तिसऱ्या खेपेला तो जागचा हलला नाही. वाफ येऊन गेली, त्यानं विजयानं हात वर केले, तेवढ्यात वेननी दुसरं ओगराळं ओतलं.

"हे चीटिंग आहे, सर!" बोल्डन पुन्हा दाराबाहेरून ओरडला.

"मी एकच म्हणालो होतो का?"

परसात आलेली आयलीन हसून त्याला म्हणाली, "आणायला जातोच आहेस तर जरा बारीक बघून आण हं."

"हो, मॅडम."

नोव्हेंबरात ग्रँटलीच्या मैदानावर इतका गलका होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. बोल्डन एकदाही आधी उसळला नाही. तरी टोबिन समोरून सारखा घुसत होता, कारण तो एक ठोका त्यालाही ठाऊक होता. तीन वर्षं तो त्यावरच सराव करत आला होता.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा टॅमरॅक दोन गुणांनी पुढे होतं. चारांतला शेवटचा प्रयत्न, आणि हवं होतं जेमतेम एक यार्ड. मिळालं तर चेंडूही आपला, घड्याळही आपलं. नाही मिळालं तर ग्रँटलीला तीन गुणांची एक किक पुरली असती. टोबिन वाकला होता. त्याची नजर चेंडूवर नव्हतीच, ती एमेटच्या हेल्मेटवर होती. मागच्या दोन खेपांनाही तसंच होतं, हे एमेटच्या तेव्हा ध्यानात आलं. तेवढ्यात कोचनी वेळ मागून घेतला. घोळक्यात डोकी जवळ आल्यावर एमेट ओरडला, "दोन ओगराळी!"

दुसऱ्या ओगराळ्याच्या त्या गुरुवारी क्वार्टरबॅकही जेवायला आला होता. त्यानं मान डोलावली. बोल्डननं डोळे मिटून उघडले.

ते रांगेत वाकले. बोल्डनचा हात पोटरीला लागला. एमेटनं मान वर केली.

एक.

टोबिन सुटला. तो थेट बोल्डनच्या छातीवर येऊन आदळला. चेंडू एमेटच्या हाताखाली जमिनीवरच होता, आणि आदळण्यापूर्वी टॅमरॅकचा एकही माणूस हलला नव्हता. पंचाचा पिवळा रुमाल हवेत उडाला. ग्रँटलीला दंड, पाच यार्ड पुढे. घड्याळ आपलं.

"दोन?" टोबिन गुडघ्यावर बसून विचारत होता. "कधीपासून दोन?"

"तू गेल्यापासून," एमेट म्हणाला.

मग शिट्टी झाली आणि एकशे तीस किलोंचा एमेट आयुष्यात कधी धावला नव्हता तसा मैदान कापत धावला. हंडीचा एक कान त्याच्या हातात आला, दुसरा बोल्डननं धरला. ती वाटली होती त्याहून जड निघाली. कुणीही खाली ठेवायला तयार नव्हतं.

रविवारी ती लाहतींच्या परसात चुलीवर चढली, हरणाचं मटण घालून. विस्तव मंदावला तसं आयलीननं विचारलं, "लाकडं कोण आणतंय?"

सगळ्यांनी सवयीनं बोल्डनकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" तो वाटी पुढे करत म्हणाला. "आधी कोण हललं, मॅडम? त्याला बोलवा."

एमेटनं खिशातून फोन काढला आणि टोबिनला लावला.