वासराच्या तोंडात घातलेलं बोट

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून मिरजेच्या सायबर कॅफेतून आपल्या जनावरांच्या डॉक्टरांच्या गटाला ही ई-मेल टाकतेय.

सकाळी गावातल्या तात्यांचं आठ दिवसांचं वासरू हगवणीनं गेलं. लक्षणं गुरांच्या कोरोना विषाणूची. शेजाऱ्याच्या गोठ्यात आधीपासून तोच आजार. तिथलं शेण काढून तो शेजारी हात न धुता तसाच वासरू बघायला आला होता आणि चोखतंय का म्हणून त्याच्या तोंडात बोट घातलं होतं.

आज तोच पोरांना हाकलत होता, "लांब व्हा रं, वासराचा रोग लागंल!"

मी भडकले, "अहो, रोग तुम्हीच दिलात त्याला!"

"दृष्ट लागली, डॉक्टरीणबाई," तात्या म्हणाले. वासरू पुरलं, हात धोतराला पुसले आणि भावाच्या गोठ्याकडं निघाले. तिथं कालच गाय व्यालीय.

मी आडवी आले, तर म्हणतात, "आवं, नुसतं बोट घालून बघायला काय हुतंय?"

सांगा मंडळी, काय हुतंय?