एक्सप्रेसची पॅसेंजर झाली

ऑफिसात तिला सगळे एक्सप्रेस म्हणत. साहेबांचं वाक्य संपायच्या आत ते टाइप झालेलं असे, आणि साहेब चुकले तर चूकही तितक्याच तत्परतेने उतरे. घरी तरी बोटांना सुट्टी मिळावी, पण छे. बाबांचे कान गेल्यापासून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आलेला. आई नि दादा बोलत, ती टाइप करी आणि बाबा पडद्यावरची मोठाली अक्षरं वाचत.

दादाच्या तोंडाचा पट्टा सुटला की सुटला, आणि आईही काही कमी नव्हती. बाबा वाचून काही बोलायला जात, तोवर ही दोघं तिसऱ्याच विषयावर. मग बाबा उघडलेल्या तोंडात घास घालीत. तिच्या जिवाला ते फार लागे. आपलाच वेग कमी पडतो, असं तिने मनाशी धरलं.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याने कीबोर्डच्या एका नव्या मांडणीचे गोडवे गायले. नेहमीची अक्षरं बोटांखालीच, वेग वाढणार म्हणजे वाढणार. तिने ती घेतली आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. एका अक्षराला हाक मारावी तर भलतंच हजर. एक्सप्रेसची पॅसेंजर झाली, आणि साहेबांना बोलताना श्वास घ्यायची सवय लागली.

घरी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादा, एका वेळी एकानेच बोला रे. आणि सावकाश."

"आता तुझ्या बोटांच्या चालीने बोलायचं का आम्ही?" दादा कुरकुरला, पण थांबला.

आईने शब्द सुटे सुटे केले. "भाजीत. मीठ. कमी. पडलंय."

"मीच कमी घातलंय," बाबा पटकन म्हणाले. "तुझं ब्लडप्रेशर बघ जरा."

सगळे हसले. बाबाही हसले, सगळ्यांच्या बरोबर. त्या दिवसापासून जेवणं लांबू लागली.

हळूहळू बोटं सरावली. वेग पूर्वीपेक्षा चार पावलं पुढेच गेला. दादाचा पट्टा पुन्हा सुटला, आई त्याच्यामागे धावली आणि बाबा पुन्हा मुकाट्याने जेवू लागले. एका रात्री तिने मोठ्या हौसेने टाइप केलं, 'बाबा, नवी मांडणी जमली.'

बाबांनी वाचलं, मान डोलावली. "छान शिकलीस गं. आता याहून नवी एखादी निघाली असेल तर बघ."

तिची बोटं थांबली. दादाचा घास हातातच राहिला. मग एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "बाबा. आधी. तुम्ही. बोला."

तिने ते टाइप केलं, अगदी सावकाश.