पी आणि झू

धनेश गेल्यापासून नमिता रडली नव्हती. नेरूळच्या एका दातांच्या दवाखान्यात ती अपॉइंटमेंट लिहून घ्यायची. बाराव्यानंतर तिसऱ्याच दिवशी कामावर हजर झाली. "पोरीचं काळीज दगडाचं हाय," शेजारणी म्हणाल्या. तेही तिला लागलं नाही.

धनेश तिचा धाकटा भाऊ. द्रोणागिरीच्या एका गोदामात कामाला होता. छपरावर चढला, प्लास्टिकचा पत्रा फुटला नि तो खाली कोसळला. कंपनीचं म्हणणं, कुणी सांगितलं नसताना तो आपणहून चढला.

पडायच्या दहा मिनिटं आधी त्याने नमिताला व्हॉइस मेसेज पाठवला होता. सुपरवायझर शेजारीच उभा, म्हणून त्यांच्या भाषेत. आईला, गोजराला, कळू नये म्हणून दोघांनी ती लहानपणी रचलेली. शब्द कसेही मागेपुढे टाकायचे. फक्त करणाऱ्याच्या मागे 'झू' लावायचं आणि ज्याच्यावर गुदरतं त्याच्या मागे 'पी'. मोठेपणीही कुणाची तक्रार करायची तर त्यातच.

अपघाताची सरकारी चौकशी लागली, तेव्हा अधिकारी बाईंसमोर तिने मोबाइल ठेवला. धनेशचा आवाज आला, "नी पी टोका सुमा घोर झू."

"'नी' म्हणजे मी," नमिताने सांगितलं. "'टोका' वर. 'सुमा' पाठवणं. 'घोर' म्हणजे सुपरवायझर. दुपारी जेवून घोरायचे ते."

"मग यानेच सुपरवायझरला वर पाठवलं, असंही होईल," कंपनीचा वकील म्हणाला.

"नाही होत. पी धनेशच्या मागे आहे. झू सुपरवायझरच्या. ते मला वर पाठवतायत, असंच होतं."

"आणखी कुणाला येते ही भाषा?" वकिलाने विचारलं.

"दोघांनाच यायची."

दुसऱ्या दिवशी तिने सहावीतली वही नेली. धनेशच्या वाकड्या अक्षरात सगळे नियम होते. बाईंनी फोनमधले जुने मेसेज स्वतः निवडून अर्थ विचारले, वहीशी ताडून पाहिले. कुठेच चूक निघाली नाही. मग इतके दिवस गप्प बसलेला हरेश, धनेशच्या पाळीतला हमाल, पुढे आला. "साहेबच बोलले, चढ. मी तिथंच होतो."

तीन महिन्यांनी अहवाल आला. सुपरवायझरच्या हुकमावरून चढला, असं त्यात होतं. नमिताने काउंटरवर उभ्यानेच वाचला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

घरी गोजराने विचारलं, "काय लिवलंय गो त्यात?"

"साहेबानंच चढवला."

"मंग?"

नमिताने ताटं मांडली. गोजरा ताटापाशी बसली. "आन त्या बोलीत मना काय बोलायचे गो तुमी?"

"तुला वेगळा शब्द नव्हता. आयच म्हणायचो."

गोजराने मान हलवली, कालवणाचं पातेलं पुढे ओढलं. दोघी जेवल्या.